तिसऱ्या माळ्यावरची खिडकी

ड्रोन उडवला की लोक जमतातच रे, त्याची मला सवय आहे. पण नायगावला पाडलेल्या चाळीच्या मोकळ्या जागेचं शूटिंग करत होतो, तर तिथले एक जुने भाडेकरू काका जवळ येऊन म्हणाले, "तिसऱ्या माळ्याएवढा वर ने. आता मैदानाकडे तोंड कर. बस, ही आमची खिडकी."

स्क्रीनवर मैदान दिसलं आणि काका आणखी जवळ वाकले.

त्यांची शेजारीण मागून म्हणाली, "आता आमची दाखव. दुसरा माळा, पलीकडची."

मी ड्रोन थेट तिरका खाली घ्यायला लागलो.

"अरे, लोकांच्या घरातून काय नेतोस? जिना आहे ना."

असं म्हणत काकांनी हवेत, जिना होता तिथे बोट दाखवलं. मी निमूट ड्रोन जिन्याने उतरवला.