कार्डवाले शेवटी

सोनोग्राफीचे नाव काढलेत म्हणून सांगते. आजही ते आठवले की माझे डोके तापते.

आमचे हे धुळ्याच्या गिरणीत नोकरीला होते आणि मूतखड्याच्या कळांनी हैराण झाले होते. दोन सोनोग्राफीवाल्यांनी कामगार विम्याचे कार्ड पाहताच आम्हांला दारातून परतविले. तिसऱ्याने कार्ड स्वीकारले आणि बजावले, "तांब्याभर पाणी पिऊन या, लघवीला जाऊ नका."

सकाळी आठाला आम्हीच पहिले होतो. अकरा वाजले, आमच्यामागून आलेले सारे तपासून घरी गेले. मी जाब विचारला, तेव्हा टेबलामागचा कारकून म्हणाला, "अक्का, कार्डवाला बठ्ठा शेवटी."

हे माझ्या कानाशी पुटपुटले, "आते नही धरवत."

"मग मोकळे होऊन येऊ द्या त्यांना. पुन्हा पाणी पाजा, नाहीतर उद्या या," कारकुनाने ते ऐकून सुनावले.

आदल्या दिवशीही त्याने आम्हांला हेच ऐकवून परत धाडले होते! मी यांचा हात धरून त्यांना डॉक्टरांच्या बंद दारासमोरील गालिच्यावर उभे केले आणि मोठ्याने म्हटले, "डॉक्टरसाहेब, आपल्या सूचनेप्रमाणे रोगी तयार आहे. आपणांस सवड नसेल, तर हे येथेच मोकळे होतील."

यांनी लगेच लेंग्याच्या नाडीला हात घातला. पस्तीस वर्षांच्या संसारात माझे इतक्या तत्परतेने त्यांनी कधी ऐकले नव्हते.

दार धाडकन उघडले. आत एकही रोगी नव्हता. डॉक्टरांच्या हातात वर्तमानपत्र होते आणि त्यातले शब्दकोडे अर्धे सुटलेले होते.