एकाच बादलीत

माहेर माझं घाटनांदूरकडचं, सासर पाटोद्याजवळ, अन् लगीन झालं तवापास्नं आमी दोघं ऊसतोडीला. पुढं ह्यांची कंबर गेली, म्हणून नेकनूरकडं आबांच्या फार्महाऊसवर राखणीला लागलो, खोलीबी तिथंच दिली. तिथं स्विमिंग पूल हाय. म्या पहिल्यांदा पाह्यला तवा म्हणलं, एवढं पाणी अन् निस्तं खेळायला व्हय.

त्या पाण्यात जंतू मारायची क्लोरीनची पावडर टाकायचं काम ह्यांच्याकडं आलं. शिकवलं कुणी? कुणीच न्हाई, दुकानदार डबे ठिवून गेला. काय सांगू तुमाला ताई, आबांच्या नातवाचा वाढदिवस होता, पाणी हिरवंगार झालतं, कडंच्या फरशीवर शेवाळ, आबा म्हणले सांजच्याला पोरं पाण्यात उतरली पायजेत, डबल पावडर टाक, अन् फरशीला अ‍ॅसिड मार. आता कापसावर फवारताना आमी दोन औषधं एकाच पंपात कालवतो, सगळेच कालवत्यात, एका फेरीत काम उरकतं. तसंच ह्यांनी केलं. मोटरच्या कोंदट खोलीत पावडर अन् अ‍ॅसिड एकाच बादलीत घातलं. मी पल्याड चादरी वाळू घालत होते, ठसका ऐकू आला म्हणून पळत गेले, तर दारातनं पिवळा धूर अन् हे घसा धरून गुडघ्यावर. पदर तोंडाला लावून म्या ओढत बाहीर काढलं.

आबांनी दवाखान्यात न्हेलं, खोटं कावून बोलू, पण गाडीत बसवताना म्हणले बाहीर कुठं बोलू नगंस. केक कापलाच त्यांनी. त्याचा मला अजून राग हाय.

ह्यांचा जीव वाचला, फुफ्फुसं जळाली. आता ते काम मीच करते, न्हाईतर खोली जाईल. पावडरीची बादली अलग, अ‍ॅसिडची अलग, एकाच दिवशी दोन्ही काढतच न्हाई. आधी बादलीत पाणी, मग पावडर, तोंडाला मास्क, वाऱ्याकडं पाठ. पावडर टाकली की दुसऱ्या दिशी पाणी तपासल्याबिगर कुणाला उतरू देत न्हाई, आबांचा पाव्हणा चड्डी घालून उभा राह्यला तरी हाकलून देते, मग कुणी का असंना.

पण साबणानं कितीबी घासा, वास अंगाला राहतोच. मी आत शिरले की ह्यांना ठसका लागतो, डोळे पांढरे होत्यात. म्हणून ताट सरकवून मी उंबऱ्याबाहीर बसते. हे आतनं इचारत्यात, जेवलीस का गं. मी म्हणते व्हय, तुमी जेवा. नवरा-बायकोचं एवढंच राह्यलंय आता, ताई. असू द्या, आवाज तर येतोय.