अण्णांनी न विचारता कापलेली मोटार

अध्यक्षमहाराज, गोदाक्का, आणि मित्रहो,

आज कार्तिक वद्य पंचमी. शोकसभेत उभा राहून मास्तर आधी तिथी का सांगतात, असं मनात आणू नका. रोज डायरी लिहिणाऱ्याला तिथीशिवाय पुढचं वाक्य सुचत नाही. आणि तिथीनंतर लगेच क्षमा मागतो. दोन वर्षं मी या वाचनालयाची पायरी चढलो नाही. तुमच्या नमस्कारांना नुसती मान हलवून पुढं गेलो. इतक्या दिवसांनी आलो तो असा, अण्णांच्या तसबिरीपुढं उभं राहायला.

बोलणं अवघड आहे. माणूस गेला म्हणून तर आहेच. पण माझ्याआधी जे बोलले ते सगळे म्हणाले, वकील अण्णा कित्तूरकर म्हणजे शब्दाचा पक्का माणूस. मी खाली बसून ऐकत होतो. मनात म्हणत होतो, आता माझी पाळी येईल तेव्हा मी काय बोलू? खोटं बोलू? अण्णांच्या तसबिरीसमोर?

मित्रहो, अण्णांनी मला शब्द दिला होता, आणि तो मोडला. माझ्याशी त्यांनी दगा केला. गोदाक्का, तुमच्या यजमानांबद्दल तुमच्यासमोर हे बोलू नये खरं. पण परवा तुम्हीच म्हणालात, "मास्तर, सभेत गोड गोड बोलू नका. त्यांना आवडायचं नाही." म्हणून बोलतो.

नव्या मंडळींना ठाऊक नसेल, म्हणून मोटारीबद्दल सांगतो. अण्णांची वकिली नुकती चालू लागली होती आणि मी हायस्कुलात लागलो होतो, तेव्हा आम्ही दोघांनी मिळून एक जुनी अमेरिकन मोटार घेतली. विलायतेला परत जाणाऱ्या एका साहेबाची. कापडी हूड, पितळी भोंगा, ताटाएवढे दोन दिवे. निम्मी माझी, निम्मी अण्णांची. चालवायची अण्णांनी, पुसायची मी. आपल्या मंडळींत कुणाचंही लग्न असो, नवरदेव त्याच मोटारीतून मांडवात जायचा. इथं बसलेल्यांपैकी निम्मे तरी गेले आहात. हसू नका, तुमची नावं घेईन. निघताना चाकापुढं नारळ फोडायचा रिवाज होता. एका लग्नात नवऱ्या मुलाच्या मामांना इतका उत्साह आला, की त्यांनी नारळ थेट डाव्या दिव्याच्या कडेवर फोडला. कडेला पोचा पडला. अण्णा खाली उतरले, पोचा बघितला आणि म्हणाले, "मामा, नारळ पोरीकडचा होता, दिवा माझा होता की हो!" तो पोचा आम्ही कधी काढला नाही.

त्याच मोटारीतून माझी पत्नी सुमती मिरजेला ऑपरेशनला गेली. रेल्वेत तिला बसवेना. मागच्या सीटवर गादी घातली, आणि अण्णा धारवाडपासून मिरजेपर्यंत बैलगाडीच्या चालीनं घेऊन गेले. त्यांची नजर सारखी रस्त्यातल्या खड्ड्यांवर. सुमती मागून म्हणाली, "अण्णाभावजी, खड्डे लागले तर लागू देत, झाडं तेवढी चुकवा." अशा अवस्थेत ती बोलली हे. परत आली, वर्षभर होती. संध्याकाळी तिला वारा हवा असला की आम्ही केलगेरी तळ्याच्या बाजूला जायचो. मागच्या सीटवर, डाव्या अंगाला, ती बसायची. त्या कोपऱ्यात हूडच्या आतल्या कापडाला तिच्या डोक्याच्या तेलाचा डाग होता.

ती गेल्यावर मोटार अण्णांच्या घरामागच्या शेडमध्ये उभी राहिली. मला तिच्यात बसवेना आणि अण्णांना एकट्याला न्यावीशी वाटेना. मग लढाई आली, पेट्रोलला कूपनं आली. मडगार्डं गंजली. फळ्या भुसभुशीत झाल्या. मागच्या सीटखाली मांजर व्यालं.

तेव्हा प्रश्न निघाला, हिचं करायचं काय? गोदाक्कांचं म्हणणं, विकून टाका, शेड मोकळी करा, उद्या साप निघेल. हुबळीचे मोडवाले लोखंडासाठी दारात येतच होते. अण्णांचं म्हणणं, मागचं अंग कापून लाकडी बॉडी चढवू, कोळशाच्या गॅसची टाकी लावू आणि अळणावर गावाच्या रस्त्याला उतारूंची सर्व्हिस मोटार सोडू. तिकडच्या खेड्यांत बैलगाडीशिवाय काही नाही, आणि कोळसा तिथल्या रानातच मिळतो. आणि माझं म्हणणं, होती तशी करू. तोच रंग, तोच हूड, तीच सीट.

अण्णा म्हणाले, "मास्तर, आता लग्नाला टांगा बोलावतात. ही दुरुस्त करून बसवणार कुणाला?"

मी म्हणालो, "कुणालाच नाही."

ते मोटारीच्या पुढं गेले. मग बॉनेटवर हात ठेवला. त्यांचे शब्द मी त्याच दिवशी लिहून ठेवले आहेत. पण ते वाचायची गरज नाही, मला पाठ आहेत. "तुमच्या परवानगीशिवाय हिचा एक खिळा हलणार नाही."

त्यानंतर दर रविवारी आम्ही दोघं शेडमध्ये. रॉकेलचा बोळा, काथ्या, वाळू, चिंच. वकीलसाहेब धोतर खोचून मडगार्डाखाली आडवे व्हायचे. गंज घासता घासता अर्धा धारवाड सोलून काढायचे. मी भोंगा काढून घरी आणला आणि चिंचेनं लखलखीत केला. मला वाटायचं, आयुष्यात एक तरी गोष्ट पुन्हा होती तशी होणार.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी पुण्याला गेलो. परत आलो, तो शेड रिकामी. जमिनीवर तेलाचे डाग, आणि ते मांजर.

अण्णा ओसरीवर सुपारी कातरत होते. "बर्री मास्तर, कूडरी," म्हणाले. या, बसा. नेहमीसारखंच.

मी बसलो नाही. विचारलं, "मोटार?"

"गेली."

"मोडीत?"

ते सुपारी कातरत राहिले. मी निघालो. मागून हाक आली नाही. मित्रहो, एक हाक आली असती तर? पण आली नाही. मीही वळून बघितलं नाही. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद.

आता चार दिवसांपूर्वीचं सांगतो. अण्णा गेल्याचं कळलं, स्मशानात गेलो. बाहेर चिंचेखाली एक सर्व्हिस मोटार उभी होती. मागं लाकडी बॉडी, बाजूला काळी गॅसची टाकी. अळणावर बाजूची पंधरावीस माणसं तिच्यातून आली होती. अंगावर कोळशाची भुकटी, काहींच्या डोळ्याला पदर. माझं लक्ष नव्हतं. मग सहज समोर गेलो. डावा दिवा. त्याच्या कडेवर पोचा.

मी त्या पोच्यावर बोट ठेवलं. तोच.

मोडीत गेली नव्हती. अण्णांनी ती कापली होती. हुबळीच्या कारखान्यात नेऊन, मी पुण्याला असताना, त्यांना पाहिजे होती तशी करून घेतली होती. दोन वर्षं ती धारवाडहून अळणावरला जात-येत होती. ती सुटायची वेळ माझ्या शाळेची. ती पलीकडच्या रस्त्यानं जायची.

आणि तुम्ही? मी मागं वळून बघितलं, तेव्हा तुमच्यापैकी किती जणांनी मान फिरवली ते मी पाहिलं. आपले डॉक्टर जवळ येऊन म्हणाले, "मास्तर, तुमच्या मनाला लागेल म्हणून कुणी सांगितलं नाही." म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. या वाचनालयात रोज सगळ्या जगाची लढाई तुम्ही एकमेकांना वाचून दाखवता, आणि एक मोटार दोन वर्षं गावानं माझ्यापासून झाकून ठेवली? हा कसला सलोखा? मी काय काचेचा आहे?

क्षमा करा. आवाज चढला.

त्या संध्याकाळी गोदाक्कांकडे गेलो. मोटार का कापली हे मी विचारलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं. आम्ही गंज घासत होतो त्याच माघ महिन्यात अण्णांच्या एका कुळाची सून बाळंतपणात अडली. अळणावरच्या अलीकडच्या खेड्यातली. बैलगाडीतून तिला धारवाडला आणत होते. अण्णा कामासाठी त्याच गावात होते, ते गाडीबरोबर चालत आले. धारवाडचे दिवे दिसायच्या आधी ती गेली.

अण्णांनी हे मला सांगितलं नाही. पुढच्या रविवारी ते शेडमध्ये आले, धोतर खोचलं, बोळा घेतला आणि माझ्याशेजारी मडगार्ड घासायला बसले. मी माझ्या मोटारीसाठी घासत होतो. ते त्यांच्या मोटारीसाठी घासत होते. आम्ही दोघं एकाच मडगार्डावर. मी गप्पा मारत होतो. ते हसत होते. माझ्या सुट्टीची वाट बघत होते.

हेच मला सोसवत नाही, मित्रहो. कापली हे एक वेळ सोसेन. ते हसणं नाही सोसत.

मी गोदाक्कांना विचारलं, "मला का विचारलं नाही?"

त्या म्हणाल्या, "मीही हेच विचारलं त्यांना. म्हणाले, मास्तरांना विचारलं तर ते नाही म्हणतील. आणि ते नाही म्हणाले, तर मग मला करता येणार नाही."

या वाक्याशी मी चार दिवस झटतो आहे. खरं आहे का हे? मी नाही म्हणालो असतो का? त्या सुनेची गोष्ट ऐकूनसुद्धा? रोज वेगळं उत्तर लिहितो. काल लिहिलं, मी हो म्हणालो असतो. आज सकाळी ते खोडलं. मला माहीत नाही. आता कधी कळायचंही नाही, कारण ज्यांनी विचारायचं ते विचारायच्या आधीच ठरवून मोकळे झाले. मला हो म्हणायची एक संधी त्यांनी दिली नाही. माझी मोटार घेतली त्याहून हे जास्त घेतलं.

कारण मोठं होतं. मान्य. पण मोठ्या कारणासाठी मोडलेला शब्द मोडत नाही का? वकिलांनीच सांगावं.

आणखी एक सांगायचं राहिलं. स्मशानाबाहेर मी त्या मोटारीभोवती फिरलो. मागची सीट काढून पुढं, ड्रायव्हरशेजारी, आडवी बसवली आहे. तीच सीट. कातडं ठिगळाचं, पण तीच. ड्रायव्हर मौलासाब. त्याला मी कोण हे ठाऊक नव्हतं. मी विचारलं, "इथं कोण बसतं?"

तो म्हणाला, "तिथं भाडं घ्यायचं नाही, साहेब. आजारी बाईमाणसाची जागा ती. वकीलसाहेबांची सक्त ताकीद. कुणी नसलं तर रिकामी जाऊ दे म्हणाले, पण पाटील आला तरी बसवायचं नाही. एकदा खुद्द साहेबच पावसात भिजत मागं बसले."

"आणि भोंगा कुठं आहे?"

"नाही, साहेब. दारावर हात आपटतो. म्हशींना काय कळतंय? एखाद्या बाईला कळा येत असल्या की घसा फोडून ओरडायला लागतंय." मग म्हणाला, "वकीलसाहेबांना नवा घ्या म्हटलं होतं. ते म्हणाले, हिचा भोंगा आहे, तो येईल."

मित्रहो, तो भोंगा माझ्या कपाटात आहे.

तो येईल, म्हणाले. दोन वर्षं वाट बघितली त्यांनी. मागायला आले नाहीत. मी आणून देईन असं त्यांनी गृहीत धरलं. मोटार न विचारता घेतली, आणि भोंगा मात्र मी आपण होऊन द्यावा! असा हा माणूस. असा माझा मित्र. तुम्ही त्यांना शब्दाचे पक्के म्हणा. मी म्हणणार नाही. पण त्यांच्याहून जवळचा मित्र मला नव्हता, हे मी खोडू शकत नाही. खोडून बघितलं आहे.

माझा राग गेलेला नाही. मी भोंगा देणार आहे, तो त्यांना माफ केलं म्हणून नाही. त्या सीटवर उद्या कुणीतरी बसेल आणि पुढं म्हशी आडव्या येतील, म्हणून देणार आहे. ती जागा आधी सुमतीची होती, आता आणखी कुणाची असेल. हे मात्र कुणी न विचारता मी ठरवलं आहे.

आता आपण उभे राहू या. दोन मिनिटं कुणी बोलू नये. तुम्ही अण्णांच्या आत्म्याला शांती मागा. मी त्यांना तेवढ्या वेळात विचारणार आहे, "अण्णा, 'मास्तर, कापू का?' एवढे तीन शब्द जड होते का हो?" उत्तर यायचं नाही. सुपारी कातरल्याचा आवाज आला तरी मला पुरे.

अण्णा, नमस्कार घ्या. रागावलेल्या माणसाचा आहे, पण पुरता वाकून केलेला आहे.

आणि घरी गेल्यावर डायरीत उद्याचं म्हणून एकच काम लिहीन: भोंग्याचा रबरी गोळा चिरला आहे, तो नवा बसवून सकाळी अळणावरची गाडी सुटण्याआधी मौलासाबच्या हातात देणे.