फराळाची सांग्रिया

पूर्णिमाच्या सासूबाईंचा तेहतीस वर्षांचा एकादशीचा नेम वाइनने मोडला, आणि तो मोडलाच नाही असं ठरलं. छावणीच्या लष्करी कॅन्टीनमध्ये दारूच्या रांगेत पूर्णिमा आणि तिच्या नवऱ्याच्या मागे उभ्या रेवतीला हे सगळं आपसूक कळत होतं.

“सांग्रिया पाहुण्यांसाठी होती, आशुतोष. संत्री, सफरचंद कापून वाइनमध्ये मुरत ठेवली होती.”

“भांड्यावर चिठ्ठी लावायचीस.”

“काय लिहू? ‘आई, ही दारू आहे’?”

“तिने नुसती फळंच खाल्ली ना?”

“दोन वाट्या. एक शेजारच्या मिश्रा भाभींना दिली. त्यांचाही उपास.”

“मग?”

“मग दोघींनी तीन तास भजनं म्हटली. भाभी आता सोमवारही धरणार म्हणतायत.”

“आईला सांगून टाक.”

“तूच सांग. तुझी आई.”

“तेहतीस वर्षं, पूर्णिमा. ती अन्नपाणी सोडेल.”

“मग परवाच्या एकादशीला काय करू? तीच फळं हवीत त्यांना. कॉलनीतल्या सात जणींना बोलावलंय.”

रांग पुढे सरकली. खिडकीशी पोचल्यावर आशुतोषने महिन्याच्या दारूच्या कोट्याचं कार्ड आत सरकवलं आणि थकल्या आवाजात म्हणाला, “भैया जी, सविनय निवेदन है कि वाइन को दारू के कोटे में नहीं, फलाहार में गिना जाए.”