गव्हाणी घुबडाचा आवाज

नाव : सर्वेश शांताराम घाडी, वय २३ वर्षे, शिक्षण दहावी, काम : फ्लेक्सच्या दुकानात मजकूर टाइप करणे, राहणार कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व).

आज रविवारी दुपारी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, मी वरील ठिकाणी आईसोबत राहतो. आमच्याच इमारतीत राहणारा आकाश धोंडिराम खंडागळे, वय २४, हा माझा मित्र. थंडीत येणारी बदके बघायला आम्ही दोघे दर वर्षी खाडीवर जातो. आज त्याची धाकटी बहीण चेतना, वय १९, हीसुद्धा सोबत होती.

उजाडण्यापूर्वी आम्ही भांडुपच्या बाजूला एका बंद मिठागरावर पोहोचलो. तेथील मोडक्या चौकीत गव्हाणी घुबड राहते असे आमच्या पक्ष्यांच्या ग्रुपवर कोणीतरी टाकले होते. हे घुबड घुमत नाही, माणूस किंचाळल्यासारखे ओरडते. आकाश हा आवाज हुबेहूब काढायचा. मागच्या खेपेला त्याने झुडपामागून ओरडून मला फसवले होते.

आकाश म्हणाला, "तुम्ही घुबडाची वाट बघा, मी बदकं बघून येतो. सर्व्या, दुर्बीण दे ना." दुर्बीण माझी आहे, नवीन आहे. मी म्हणालो, "चिखल लावू नकोस." तो म्हणाला, "नाही रे बाबा, तुझ्या बायकोसारखी सांभाळतो." त्याचा मोबाइल चेतनाच्या बॅगेत राहिला. तो एकटा तिवरांकडे गेला.

चेतना आणि मी चौकीच्या भिंतीला टेकून बसलो. घुबड असेल तेथे बोलायचे नाही असा आमचा नियम आहे. जरा फटफटल्यावर खाडीकडून किंचाळल्याचा आवाज आला. मी मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू केले. पुन्हा आवाज आला. चेतना म्हणाली, "दादा आहे हा." मी म्हणालो, "शू." ती म्हणाली, "अरे, दादाच आहे." मी म्हणालो, "असला तर नाटक करतोय. गप बस ना." ती उठली होती. मी हात धरून तिला खाली बसवले. त्यानंतर आकाशचा आवाज आला नाही. मी रेकॉर्डिंग ग्रुपवर पाठवले व खाली 'गव्हाणी घुबड, नक्की' असे लिहिले. दोघांनी 'झकास' म्हणून कळवले.

ऊन आले तरी आकाश परतला नाही, म्हणून आम्ही बांधावरून पुढे गेलो. भरतीचे पाणी तिवरांत चढले होते. दुर्बीण एका फांदीला उंच अडकवलेली होती. तिला चिखल लागलेला नव्हता. आकाश दिसला नाही. मी पोलिसांना फोन केला. अग्निशमन दलाच्या जवानांनी त्याला पाण्याखालून काढले. तो कमरेपर्यंत गाळात रुतलेला होता. रुग्णालयात डॉक्टरांनी तपासून त्यास मृत घोषित केले.

येथे साहेबांनी रेकॉर्डिंग मोठ्या आवाजात लावले. दुसऱ्या किंचाळीत 'सर्व्या' असे ऐकू येते. त्यानंतर चेतनाचे बोलणे आणि माझे 'शू' आहे. मोबाइल मी जमा केला आहे.

चेतना बाहेर बाकावर बसली आहे. तिचा जबाब अजून व्हायचा आहे. तिने आवाज ओळखला होता, ती जायला उठली होती, मी तिला बसवले. हे माझ्या जबाबात आले आहे. तिला पुन्हा विचारू नये अशी माझी विनंती आहे.

हवालदारांनी लिहिलेले मला वाचून दाखवले. त्यात एके ठिकाणी 'घुबडाचा आवाज' असे आले होते, ते मी खोडायला सांगून 'आकाशचा आवाज' असे करून घेतले. खोडलेल्या जागी माझी सही आहे. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.