शेथाच्या दारातली हाक

शांतवनभाऊ, पेटी जरा हळू. गाणं नंतर घेऊ. मंडळी, ऐका. आज मी एक प्रश्न घेऊन आलोय, आणि तो काही सोपा नाही. माणसाच्या घरात धर्म शिरला तरी कुठून?

शाळेतले गुरुजी सांगतात, वीज कडाडली, माणूस घाबरला, त्यानं हात जोडले, झाला धर्म सुरू. पारावर बसणारे सांगतात, चार हुशार लोकांनी पोट भरायला काढलेला तो धंदा. दोघांचं ऐकलं मी. पण आपल्या शास्त्रात, बायबलातल्या उत्पत्तीच्या पुस्तकात, चौथ्या अध्यायाच्या शेवटी, एक बारकी ओळ आहे. वाचता वाचता सुटून जाते. आदामाचा तिसरा लेक शेथ, त्याला मुलगा झाला, त्याचं नाव अनोश ठेवलं, आणि त्या काळापासून लोक परमेश्वराचं नाव घेऊन प्रार्थना करायला लागले. बस्स. एवढंच. त्या दिवशी त्या घरात काय घडलं, हे शास्त्र सांगत नाही. मी सांगणार आहे. जेवढं लिहिलंय तेवढं खरं, बाकीचं माझ्या मनानं भरलेलं. चुकलं तर चूक माझी, शास्त्राची नव्हे.

आता कुणी म्हणेल, महाराज, त्याच्याही आधी आदाम-हव्वेच्या पहिल्या दोन लेकांनी, काइन आणि हाबेल यांनी, अर्पण आणलं होतं की. तो धर्म नव्हता का?

होता ना. आणि त्याचं झालं काय?

थोरला काइन शेतकरी, धाकटा हाबेल मेंढपाळ. एकानं धान्य आणलं, दुसऱ्यानं कळपातलं पहिलं कोकरू. दोघांनी दगड रचून आपापली वेदी केली. परमेश्वरानं हाबेलाच्या अर्पणाकडे पाहिलं, काइनाच्या अर्पणाकडे पाहिलं नाही. आज सुगीच्या सणाला या टेबलावर तुम्ही बाजरी ठेवलीय, भोपळे ठेवलेत, पाय बांधलेली एक कोंबडीही आहे. तिला कुणीतरी पाणी पाजा रे, तिला काही हा सण गोड लागत नसणार. पण खरं सांगा, देवळात शिरताना किती जणांनी शेजाऱ्याच्या टोपलीत डोकावून पाहिलं? हात वर करू नका. काइनानंही तेच केलं. स्वतःच्या वेदीपुढे उभा राहून तो भावाच्या वेदीकडे बघत राहिला.

परमेश्वर त्याच्याशी बोलला. म्हणाला, "तुझं तोंड का उतरलंय? पाप दाराशी दबा धरून बसलंय, त्याला आत घेऊ नकोस." काइन वळला. तो भावाकडे गेला आणि म्हणाला, "चल, रानात जाऊन येऊ."

रानात त्यानं भावाला मारून टाकलं, हे तुम्हाला ठाऊक आहे.

पण हव्वेला ठाऊक नव्हतं. मंडळी, इथे जरा थांबा. तोवर या पृथ्वीवर माणूस मेला नव्हता. ते फळ खाल तर "मराल", हा शब्द तिनं देवाच्या बागेत ऐकलेला. पण मरण दिसतं कसं, हे कुणी पाहिलं होतं? आदामानं हाबेलाला खांद्यावर टाकून आणलं तेव्हा तिला वाटलं, पोरगं पडलंय, शुद्ध हरपलीय. तिनं डोक्याची जखम धुतली. पाला कुटून लावला. तोंडात दूध सोडलं, ते ओठांच्या कडेनं खाली गळलं. तिनं ते पुसलं आणि पुन्हा सोडलं. अंग गार लागतंय म्हणून सगळी कातडी त्याच्यावर घातली. आदाम म्हणाला, "हव्वे, राहू दे." ती म्हणाली, "झोपलाय तो. उठेल."

तो उठला नाही. मग घरात वास येऊ लागला तेव्हा तिला तो बागेतला शब्द कळला.

आदामानं माती उकरली. ज्या मातीतून आपण आलो तिच्यात त्यानं आपल्या हातानं पोर ठेवलं. काइन तर निघून गेला होता, देवानं केलेली खूण कपाळावर घेऊन, पूर्वेकडे. एकाच घावात तिचे दोन्ही लेक गेले, एक मातीत आणि एक वाटेत. धाकट्यासाठी तिला रडता आलं. थोरल्यासाठी कसं रडायचं? खुन्याची आई कुणाच्या गळ्यात पडून रडणार? त्या दिवसापासून काइनाचं नाव तिनं तोंडातून काढलं नाही. कुणीच काढलं नाही.

पुढे तिला तिसरा मुलगा झाला, शेथ. हव्वा म्हणाली, "हाबेलाच्या ऐवजी देवानं मला हा दिला." मंडळी, या "ऐवजी"चा विचार करा. पोरगं त्या एका शब्दाखाली वाढलं. त्यानं मेंढरं हाकली की आई बघायची आणि तोंड फिरवायची. हसला की म्हणायची, "तोसुद्धा असाच हसायचा." शेथ सगळ्यांच्या वाट्याचं काम करायचा, कधी उलट बोलला नाही, आणि तरी आपल्याच घरात उसनवार आणलेल्या भांड्यासारखा वावरला.

त्या घरात देवाबद्दल बोलणं व्हायचं. देवानं हे केलं, देवानं ते नेलं. पण देवाशी कुणी बोलायचं नाही. घराबाहेर त्या दोन वेद्यांचे दगड तसेच होते. त्यांच्यावर गवत माजलं, सरडे बसायला लागले. आदाम त्या बाजूनं जायचाच नाही, पाण्याला जायचं तर लांबून वळसा घालून जायचा.

शेथाचं लग्न झालं. आता मागच्या बाकावरून येसुदासचा हात वर येणार. "महाराज, त्याला बायको कुठली मिळाली?" बाबा रे, प्रत्येक रविवारच्या शाळेत हा प्रश्न निघतो. वर गेल्यावर मी स्वतः विचारीन. आज तिच्या पोटात कळा सुरू झाल्यात, तेवढं बघू दे.

दिवस चांगला वर आलेला. आत हव्वा आणि सून. शेथ उंबऱ्याबाहेर. दुपार कलली तरी सुटका होईना. मग आतला आवाज एकदम थांबला. शेथ वाट बघतोय, आता रडेल, आता रडेल. पोर रडलं नाही.

शेथ आत गेला. हव्वेच्या हातात मूल होतं, निळं पडलेलं. मान लुळी.

"आई, हा रडत का नाही?"

हव्वा त्या तोंडाकडे बघत राहिली. असलं तोंड तिनं आयुष्यात एकदाच पाहिलं होतं.

"आई, बोल ना. काय झालंय त्याला?"

"तो असाच होता," ती म्हणाली. "दूध पाजलं तेव्हा असाच होता."

बाळंतीण खालून म्हणाली, "द्या इकडे. माझ्याकडे द्या त्याला." तिनं हव्वेच्या हातातून पोर ओढून घेतलं, उताणं मांडीवर घेतलं आणि चोळायला लागली. छाती, पाठ, तळपाय. तिनं मरण पाहिलेलं नव्हतं ना. म्हणून तिचे हात थांबले नाहीत.

शेथाला तिथे उभं राहवेना. तो बाहेर आला तो थेट त्या दगडांपाशी. गवत उपटून फेकायला लागला. आदाम दूर सावलीत बसला होता. शेथ ओरडला, "बाबा, इथे काय द्यायचं असतं?"

आदाम उठला. कितीतरी वर्षांनी त्या बाजूला आला, पण दगडांजवळ यायच्या आतच थांबला. "एकानं धान्य दिलं, एकानं कोकरू दिलं," तो म्हणाला. "देण्याचं काय झालं ते मी बघितलंय. मला विचारू नकोस."

"तुम्ही तर त्याच्याशी बोलायचात. बागेत. कसं बोलायचात?"

आदाम तिथेच मातीत बसला. मग म्हणाला, "मी नाही बोलायचो. तोच संध्याकाळी यायचा. फळ खाल्लं त्या दिवशीही आला. हाक मारली त्यानं. 'आदामा, कुठे आहेस?' मी झाडाआड होतो. भ्यालो होतो, अंगावर काही नव्हतं."

"आणि त्यानंतर? तुम्ही कधी त्याला हाक मारलीत?"

"नाही."

"हाबेल गेला तेव्हा?"

"नाही रे. कुठल्या तोंडानं मारायची?"

मंडळी, शेथाचे हात रिकामे होते. कोकरू आणायला वेळ नव्हता, धान्य दळायला वेळ नव्हता. आणि आणलं असतं तरी पसंत पडेल की नाही, कोण सांगणार? काहीच नव्हतं त्याच्यापाशी. तो त्या दगडांवर खाली बसला आणि त्यानं तोंड उघडलं.

"परमेश्वरा," तो म्हणाला. "आम्ही इथे आहोत."

पुढे त्याला सुचेना. तो पुन्हा तेच म्हणाला. "इथे आहोत. सगळे. माझं पोर थंड पडलंय. आई आहे. बा आहे. ये."

आता तुम्हाला वाटेल, महाराज म्हणणार, हाक मारली आणि पोर रडलं. नाही म्हणणार. तसं म्हटलं तर खाली बसलेल्या मार्थाबाई मला विचारतील, मीही हाक मारली होती, माझं का नाही रडलं? आणि त्यांना द्यायला माझ्यापाशी उत्तर नाही. आईच्या चोळण्यानं असेल, देवाच्या दयेनं असेल, ते कधी रडलं ते शेथाला कळलंसुद्धा नाही. तो हाक मारत होता तेव्हा त्याच्या लेखी पोर गेलेलंच होतं. गेलेलं पोर समोर ठेवून मारलेली हाक ती. माझ्या मते धर्म तिथून सुरू झाला. देव कधीचा विचारत होता, कुठे आहेस, आणि एका माणसानं शेवटी उत्तर दिलं.

हव्वा दारात आली. म्हणाली, "शेथ, श्वास घेतोय तो." शेथ रडायला लागला. आणि त्याच्याशेजारी, त्या दगडांपाशी, म्हातारी गुडघ्यांवर बसली. सगळ्यांना वाटलं, आभार मानेल. नातू मिळाला, आता हाबेलाचं नाव घेईल.

हव्वा म्हणाली, "परमेश्वरा, माझा काइन कुठे आहे?"

आदामानं मान खाली घातली.

"तो जेवला असेल का? तुला राग आहे, मला ठाऊक आहे. मलाही आहे. पण मी पाजलंय त्याला. तो कुठेही असला तरी त्याच्यावर नजर असू दे."

देवाची पहिली मंडळी जमली तेव्हा तिच्यात चार माणसं होती आणि एक अर्धमेलं बाळ. त्या मंडळीनं मागितलेलं दुसरं मागणं खुन्यासाठी होतं. आदामानं ते नाव घेतलं नाही. पण उठूनही गेला नाही.

शेथानं पोराचं नाव अनोश ठेवलं. अनोश म्हणजे मर्त्य. मरणारा. कुणी बाप असं नाव ठेवतो का? त्यानं ठेवलं. मांडीवर श्वास घेत असलेल्या लेकाकडे बघून त्यानं ठेवलं, कारण आता त्याला ठाऊक होतं की हाही एक दिवस मातीत जाणार. नाव लपवून ते टळणार नव्हतं. आणि हाबेलाच्या ऐवजी आला, असं अनोशाला त्यानं कधी म्हणू दिलं नाही. आईलासुद्धा नाही.

संध्याकाळ झाली की ते सगळे तिथे बसू लागले. काइन परत आला नाही. पूर्वेकडून येणारे सांगायचे, त्यानं तिकडे नगर वसवलंय, मुलंबाळं झालीत. हव्वा विचारायची, "आमची आठवण काढतो का?" येणारे खाली बघायचे. ती रोज नाव घेत राहिली. मरेपर्यंत तिला उत्तर मिळाल्याचं मला कुठे लिहिलेलं सापडलं नाही.

आता तुमच्याकडे येतो. तुमच्या घरी संध्याकाळची प्रार्थना होते, मला माहीत आहे. आजारी माणसांसाठी, परीक्षेला बसलेल्यांसाठी, प्रवासाला निघालेल्यांसाठी. सगळ्यांची नावं येतात. एक येत नाही. बांधावरून कोर्टात गेलेला भाऊ असेल. पळून जाऊन लग्न केलेली पोरगी असेल. दारू पिऊन बापावर हात उचललेला लेक असेल. त्याचं नाव निघालं की चुलीपुढची बाई उठून पाण्याला जाते. त्याचा फोटो भिंतीवरून काढलाय आणि तिथली भिंत अजून पांढरी दिसते.

त्याला घरात घ्या, असं मी म्हणत नाही. माफ करा, असंही आज म्हणत नाही, ते माझ्या सांगण्यानं व्हायचं नाही. तुम्हाला राग आहे तर राग आहे असं देवाला सांगा. फक्त नाव घ्या. ज्या प्रार्थनेत ते नाव यायला जागा नाही, तिच्यात आपण अजून झाडाआडच उभे आहोत.

शांतवनभाऊ, पेटी बंद करा. झांजा खाली ठेवा. आता गाणं नाही. डोळे मिटा. मोठ्यानं म्हणायची गरज नाही, शेजाऱ्याला ऐकू जायला नको.

मी गप्प बसतो. तुम्ही नाव घ्या.