एक जूनची सत्तेचाळीस लेकरं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शिक्षण संस्थेचे सर्वेसर्वा आदरणीय सटवाजीराव. शेजारच्या गोरेगावहून भर उन्हात जीपनं धूळ खात, तरीही वेळेवर पोहोचलेले प्रमुख पाहुणे पुंजाजी अण्णा. आज वयोमानानुसार सेवानिवृत्त होणारे आपले मुख्याध्यापक आणि सत्कारमूर्ती रामप्रसाद सर. व्यासपीठावरील मान्यवर, माझे सहकारी शिक्षक, मंडपात बसलेले पालक, माता-भगिनी आणि मे महिन्याच्या सुट्टीतही केवळ जेवणाच्या आशेनं आलेले विद्यार्थी मित्र, सर्वांना या शाळेचा लिपिक भागवत याचा नमस्कार.

लिपिकाला माईकसमोर उभं करायची आपल्याकडं रीत नाही. लिपिकानं खुर्च्या मोजाव्यात, नारळ आणावेत आणि पाहुण्यांच्या नावामागच्या पदव्या लिहून द्याव्यात. पण सरांनीच आग्रह धरला. म्हणाले, "भागवत, कंप्युटरवर तूच बोल. बाकीच्यांना त्यातलं काय कळून राहिलंय?" आज्ञा शिरसावंद्य. कंप्युटरवरच बोलतो. गोड बोलेन अशी हमी मात्र कुणी मागू नये. माझ्याआधी आठ भाषणं झाली, आठांतही सर संगणकमहर्षी ठरले, आणि खरं सांगायचं तर ऐकून ऐकून मला वीट आलाय.

सरांनी घरी कंप्युटर घेतला तो एकोणीसशे नव्व्याण्णव साली, नांदेडहून. त्याचा पडदा, म्हणजे मॉनिटर, गोधडीत गुंडाळून हिंगोलीपासून इथपर्यंत माझ्या मांडीवर आला. माझे पाय दोन दिवस आखडले होते. ते यंत्र सरांच्या बैठकीत बसलं आणि मग त्याचे लाड सुरू झाले. डोळ्यांना त्रास नको म्हणून पडद्यापुढं काळी काच. कीबोर्डच्या अक्षरांवर धूळ नको म्हणून प्लास्टिकचं झाकण. फटींतला कचरा ओढायला मुठीएवढा व्हॅक्यूम क्लीनर, तो कचरा सोडून फक्त आवाज ओढायचा. पुढं पेनड्राइव्ह निघाला, तर सर तो गळ्यात अडकवून लग्नांना जाऊ लागले. वीज दिवसातून बारा तास नाही, पण विजेवर चालणारी एकूण एक वस्तू सरांच्या घरी हजर. कोण हसलं मागं? हसा, मीही हसायचो.

एक गोष्ट मान्य करतो. सरांच्या काही युक्त्या लाखमोलाच्या होत्या. माउस अडकला की खालची चकती फिरवून रबरी गोळा काढायचा आणि आतल्या चाकांवरचा मळ नखानं खरवडायचा, ही युक्ती मी त्यांच्याकडूनच शिकलो. मशीन सुरूच होत नसेल, तर मेमरीची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबरानं पुसायचे. शाळेचं मशीन मी चार वेळा असं जागं केलंय. सर एका साप्ताहिकात अशा युक्त्यांचं सदर लिहायचे, ते वाचून सेनगावच्या पोरांनी घरचे कंप्युटर दुरुस्त केले, हेही खरं आहे. विद्येला विद्या म्हणावंच लागतं.

पण मंडळी, युक्तीची चटक वाईट. जे काम युक्तीनं होत नाही ते कामच नव्हे, असं एकदा मनानं घेतलं की माणूस समोरचा कागद वाचायचं सोडतो. दर सोमवारी प्रार्थनेनंतर 'आजची युक्ती' व्हायची आणि पोरं उन्हात उभी राहून ऐकायची. त्या पोरांतल्या किती जणांनी तोवर कंप्युटरला हात लावला होता? एकानंही नाही.

आता दोन हजार सालाकडं येतो. अध्यक्षसाहेब, ही आठवण आठांपैकी एकाही वक्त्यानं सांगितली नाही, म्हणून मला सांगावी लागते.

आपल्या भागात एक जूनला जेवढी लेकरं जन्मली, तेवढी दुनियेत कुठं जन्मली नसतील. मी एक जूनचा. अध्यक्षसाहेब, तुम्ही एक जूनचे. सर तर एक जूनचे आहेतच, म्हणून तर आज एकतीस मेला निरोप घेत आहेत. आपल्या आयांना कुणी तारीख विचारली नाही. शाळेत घालायला आणलं, गुरुजींनी सहा वर्षं मागं मोजली आणि एक जून लिहून टाकली. आपली शाळा पहिली ते दहावी. शहाण्णव साली पहिलीत आलेल्या वर्गात सत्तेचाळीस लेकरं होती आणि सगळीच्या सगळी एक जून एकोणीसशे नव्वदची.

दोन हजारच्या पावसाळ्यात त्या वर्गाच्या दाखल-खारीज रजिस्टरला वाळवी लागली. नावं वाचता येत होती, तारखा वाचता येत होत्या. सर म्हणाले, वाळवीला वाळवीच्या जागी राहू दे, आपण रेकॉर्ड कंप्युटरवर घेऊ. मी नावं टाइप केली. तारखा टाइप करायला लागलो तर सरांनी माझा हात धरला. "एकेक कशाला लिहून राहिला? पहिल्या घरात तारीख लिही, कोपऱ्यातला ठिपका पकड आणि खाली ओढ. सगळी घरं आपोआप भरतात."

मी ओढलं. घरं भरली. पण कंप्युटरला वाटलं, तारखा पुढं पुढं न्यायच्या आहेत. पहिल्या पोराची एक जून, दुसऱ्याची दोन जून, तिसऱ्याची तीन. तिसाव्याला महिना संपला आणि जुलै लागला. यादीत आपल्याकडं पोरं वर असतात, पोरी खाली. पोरींतही तांड्यावरच्या अगदी तळाला, कारण त्यांची नावं उशिरा घातली जातात. शेवटची सत्तेचाळिसावी पोरगी सतरा जुलैपर्यंत फरफटत गेली.

चूक माझ्या लक्षात आली. मी म्हणालो, "सर, हे उलटं फिरवतो." सरांनी चष्मा वर केला, यादी नीट पाहिली आणि काय म्हणाले माहीत आहे? "राहू दे. मागच्या तपासणीत साहेबानं विचारलंच व्हतं, सगळी लेकरं एकाच दिवशी कशी जन्मली म्हणून. आता बघ, रेकॉर्ड कसं खरं दिसून राहिलंय." त्या यादीवरून नवं रजिस्टर झालं, सरांची सही झाली, शिक्का मी मारला आणि जुनं रजिस्टर शाळेमागं जाळलं. पुढच्या तपासणीत शेरा आला, अभिलेख उत्कृष्ट.

अध्यक्षसाहेबांची चिठ्ठी आली आहे. 'आवरते घ्यावे' असं लिहिलंय. घेतो, साहेब. आठ वर्षं आवरूनच होतो, अजून पाच मिनिटं द्या.

पंधरा दिवसांपूर्वी कार्यालयात मिराबाई आल्या. माळावरच्या तांड्यावरच्या. त्यांची निलम म्हणजे तीच सत्तेचाळिसावी. निलमची बारावी झाली. पोलीस भरतीसाठी दोन वर्षं ती पहाटे सेनगाव रस्त्यावर पळते, तुमच्यापैकी कितीतरी जणांनी तिला पाहिलंय आणि काहींनी नावंही ठेवलीत. भरतीची अट अशी, तीस जूनला अठरा पूर्ण पाहिजेत. फॉर्मची शेवटची तारीख दहा जून. शाळेच्या दाखल्यावर जन्म सतरा जुलै. फॉर्म परत आला. तिच्याच वर्गातल्या, यादीत वर असलेल्या पोरांचे फॉर्म गेले.

मिराबाईंनी दाखला टेबलावर ठेवला. "काहून साहेब, माझी पोरगी अठराला सतरा दिस कमी कशी पडली? तिच्यासंगं नाव घातलेली पोरं तं मोठी झाली."

सर विचारतात, "बाई, ती झाली कवा?"

"तुरी सोंगून राहिलो व्हतो आमी. थंडी व्हती लई."

सर हसले. "म्हणजे हिवाळ्यात. मग एक जूनबी खोटीच की. दोन्ही तारखा खोट्या, तर कशाला एवढी तकलीफ करून राहिली?"

मिराबाईंनी पदर खोचला. "दोन्ही खोटं तुमचंच हाय न, गुरुजी. आमी कुठं सांगितलं व्हतं?"

सरांनी दाखला माझ्याकडं सरकवला.

दुरुस्ती होऊ शकते, मंडळी. अवघड नाही. ज्या मुख्याध्यापकाच्या काळात नोंद झाली, त्यानं 'चूक शाळेची आहे' असं लिहून द्यायचं आणि शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी घ्यायची. मी अर्ज तयार केला. सरांनी तो वाचला आणि परत माझ्या हातात दिला. "शेवटच्या पंधरा दिवसांत मागं चौकशी लावून घेऊ काय? माझ्यानंतरचा बघंल." उद्यापासून पदभार घेणाऱ्या मनकर्णाबाई इथं बसल्या आहेत. त्यांचं म्हणणंही रास्त आहे की माझ्या काळात झालेलं नाही ते मी कसं लिहू? म्हणजे आज संध्याकाळी सहा वाजता सरांची सही करण्याची सत्ता संपली, की या चुकीला कुणी वालीच राहत नाही.

तासाभरापूर्वी इथं टाळ्यांच्या कडकडाटात सरांच्या 'संगणकाच्या शंभर युक्त्या' या पुस्तिकेचं प्रकाशन झालं. प्रत्येकाच्या हातात एकेक प्रत आहे. वारा घ्यायचं थांबवा आणि पान तेवीस उघडा. युक्ती एक्केचाळीस. मी वाचतो. 'कोपरा धरून खाली ओढा. याच युक्तीने आम्ही शाळेतील सत्तेचाळीस विद्यार्थ्यांच्या जन्मतारखा अवघ्या काही क्षणांत भरल्या.' सर, छापताना चौकशीची भीती वाटली नाही, सही करताना तेवढी वाटते? काल छापखान्यातून गठ्ठा सोडवून आणला तेव्हा मी हे पान वाचलं आणि मला शिसारी आली. अन्नावरची वासना उडाली. आजच्या पंगतीला मी बसणार नाही, आचाऱ्यानं वाईट वाटून घेऊ नये.

पण खरी किळस मला कुणाची वाटते, तेही सांगून टाकतो. ठिपका पकडून ओढणारं बोट माझं होतं. सर माझ्या छातीवर बसले नव्हते. 'राहू दे' म्हणाले आणि मी राहू दिलं. दोन वर्षांपूर्वी दहावीनंतर निलमचा दाखला मीच छापला, सतरा जुलै ही तारीख माझ्या डोळ्यांसमोरून गेली, शिक्का मारला आणि वर 'शाब्बास पोरी' म्हणालो. साहेबाच्या मर्जीत राहण्यासाठी माणूस किती खाली जातो, हे पाहायला मला दुसऱ्या कुणाकडं बघावं लागत नाही.

म्हणून काल घरी बसून मी माझा जबाब लिहिला. 'तारखा मी ओढल्या, चूक मला त्याच दिवशी समजली होती, मी गप्प राहिलो.' माझी नऊ वर्षं नोकरी बाकी आहे. चौकशी लागेल, लागू दे. अर्ज एकट्या निलमचा केलेला नाही, सत्तेचाळीस नावांचा केलाय, आणि त्याला पान तेवीस जोडलंय. मिराबाई आणि निलम मंडपात शेवटच्या रांगेत, खांबापाशी उभ्या आहेत. त्यांना बसायला खुर्ची दिली तर बरं होईल.

मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षसाहेबांचे, प्रमुख पाहुण्यांचे आणि उकाड्यात बसून राहिलेल्या तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. निरोपाच्या दिवशी असं बोलू नये, हे मला कळतं. माझ्या भाषणात काही अधिक-उणं झालं असेल, थोरामोठ्यांचा मान राखायचा राहिला असेल, तर ते पोटात घाला. त्या सत्तेचाळीस तारखांचं मात्र पोटात घालू नका, माझंही नाही आणि सरांचंही नाही.

सर, तुम्ही उठू नका. कागद घेऊन मीच येतो. माझी सही वर झालेली आहे, खालची जागा तुमच्यासाठी मोकळी ठेवली आहे.